८४ सेंटिमीटर उंचीची गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हा काही जणांना पंधरा मिनिटं दिली आहेत. अट एकच घातली होती, की आवडीच्या विषयावर बोला, पण नोकरी, फ्लॅट आणि मुलांचे मार्क हे तीन विषय सोडून. ही अट पाळायची म्हणून मी एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'प्रोटोटाइप' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. प्रोटोटाइप म्हणजे विकायच्या आधी करून बघायचा पहिला नमुना. असा नमुना नेमका कशासाठी असतो आणि काम झाल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न मला कायम पडतो. त्याचं उत्तर मी या गाडीत शोधते. गाडीचं नाव लान्चा स्त्रातोस झीरो. साल १९७०, गाव इटलीतलं तुरिन. जगात ही गाडी एकच आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ही गाडी लान्चा कंपनीने बनवलेलीच नव्हती. ती बनवली बेर्तोने नावाच्या कारखान्याने. इटालियनमध्ये अशा कारखान्याला 'कारोत्झेरिया' म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी आपल्याला ही पद्धत चांगली ठाऊक आहे. ट्रकची चॅसी कंपनीतून येते, उघडी, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून ती चालवत आणतो, आणि पुढे बॉडी बांधणारा दुसराच असतो. आपण सहलीला ज्या लाल एसटीने जायचो, तिचीसुद्धा चॅसी कंपनीची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या एसटीच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली. तुरिनमध्ये हाच व्यवसाय मोटारींच्या बाबतीत चालायचा. घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी घराणी पुढे मोटारींच्या बॉड्या बांधू लागली. पत्र्याला हातोडीने ठोकून ठोकून गोलाई आणणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते.

बेर्तोनेचा कारखाना जोव्हान्नी बेर्तोने यांनी १९१२ साली काढला. त्यांचा मुलगा नुच्चो बेर्तोने. स्वतः चित्र काढणारा नव्हे, पण कोणाच्या हातात चित्र आहे हे ओळखणारा माणूस. त्याने एकामागून एक दोन तरुणांना संधी दिली. पहिला जॉर्जेत्तो जुजारो. तो १९६५ साली दुसरीकडे गेला आणि त्याच्या जागी मार्चेल्लो गान्दिनी आला. आता आपल्या मेळाव्याला शोभेल अशी एक गंमत सांगते. जुजारोचा जन्म १९३८चा, गान्दिनीचा १९३८चा, आणि समोरच्या पिनिनफारीना या प्रतिस्पर्धी घरात काम करणारा लिओनार्दो फिओरावान्ती, तोही १९३८चाच. जगातल्या निम्म्या सुंदर गाड्या एकाच बॅचने काढल्या म्हणायला हरकत नाही! आपल्या बॅचने काय काढलं, ते जेवताना बोलू.

गान्दिनीचे वडील वाद्यवृंदाचे संचालक होते. मुलाने पियानो शिकावा, अशी घरची इच्छा. मुलाला मात्र इंजिन आणि यंत्रं यांचं वेड. त्याने इंजिनिअरिंगची पदवी घेतली नाही. पण बेर्तोनेकडे येताच पहिल्याच वर्षात त्याने लाम्बोर्गिनी मिउराची बॉडी उभी केली. ती १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, तेव्हा त्याचं वय होतं २७.

आता १९६८ ते १९७० या काळाकडे येऊ. त्या दिवसांत तुरिनच्या कारखान्यांमध्ये एक विचित्र स्पर्धा चालू होती. गाडी किती बुटकी करता येईल, याची. गान्दिनीने १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात 'काराबो' नावाचा नमुना आणला. अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या चॅसीवर बांधलेला, उंची ९९ सेंटिमीटर, आणि दारं बाजूला उघडण्याऐवजी कात्रीसारखी वर उघडणारी. त्यावर १९७० च्या मार्चमध्ये पिनिनफारीनाने जिनिव्हात 'मोदुलो' मांडली. फेरारीच्या चॅसीवरची, उडत्या तबकडीसारखी, साडेत्र्याण्णव सेंटिमीटर. याला बेर्तोनेने काय उत्तर द्यावं? त्याच वर्षी तुरिनच्या प्रदर्शनात त्याने जी गाडी ठेवली, तिची उंची होती ८४ सेंटिमीटर.

८४ सेंटिमीटर म्हणजे किती? घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी उभं राहून बघा. ओट्याची उंची साधारण तेवढीच असते. त्या उंचीत दोन माणसं, इंजिन, चार चाकं आणि पेट्रोलची टाकी बसवायची, आणि ती वस्तू रस्त्यावरून चालली पाहिजे.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. कारण आकार कागदावर कोणीही काढेल, पण हे बसवलं कसं? बेर्तोनेने लान्चाची फुल्विया ही गाडी घेतली. तिचं इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, 'व्ही' आकाराचं. पण त्या व्हीचा कोन इतका अरुंद, की इंजिन आटोपशीर राहतं. फुल्वियामध्ये ते पुढे असतं आणि पुढची चाकं फिरवतं. यांनी तो सगळा संच उचलून सीटच्या मागे ठेवला, म्हणजे तोच संच आता मागची चाकं फिरवू लागला. नवीन गिअरबॉक्स नको, नवीन जोडणी नको. आहे तो तयार भाग वेगळ्या जागी वापरायचा. आमच्याकडे ज्युनिअर मुलं याला 'रीयूज' म्हणतात आणि आपणच तो शोध लावला असं समजतात.

इंजिन मागे गेल्यावर पुढे फक्त माणसं उरली. ती बसून मावत नाहीत, म्हणून त्यांना जवळजवळ झोपवलं. पाय पुढच्या चाकांच्या मधे. डोक्यावर पुढची काच इतकी तिरपी, की ती काच म्हणावी की छप्पर, असा प्रश्न पडावा. बाजूला दारं करायला उंचीच नाही. मग आत जायचं कसं? गान्दिनीने ती काचच दार केली. पुढची काच वरच्या कडेला बिजागरीवर उचलली जाते. गाडीच्या नाकावर काळ्या रबराची चटई आहे, तिच्यावर पाय ठेवून माणसाने आत उतरायचं, तळघरात उतरल्यासारखं. पायांना वाव मिळावा म्हणून स्टिअरिंगचा दांडा पुढे लोटता येतो. इंजिनावर त्रिकोणी झाकण. पुढच्या कडेला हेडलाइटचे दोन डोळे नाहीतच, त्याऐवजी बारीक पट्टीत ओळीने बसवलेले दिवे. मागेही तसंच, कापल्यासारख्या शेपटीच्या कडेने दिव्यांची माळ. समोरून बघितलं तर ही गाडी म्हणजे पाचर. लाकूड फोडायला ठोकतात तशी.

व्यवहाराच्या दृष्टीने ही गाडी कशी होती? वाईट. पावसात काच उघडायची तर आतली सीटं भिजणार. भर उन्हात त्या काचेखाली माणूस भाजून निघणार. एसटीच्या शेजारी उभी राहिली तर ड्रायव्हरला एसटीचं फक्त चाक दिसणार. गान्दिनीला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला विकायची गाडी करायचीच नव्हती. त्याला बघायचं होतं, की या दिशेने शेवटपर्यंत गेलं तर काय होतं. म्हणून नंतर नावात 'झीरो' जोडलं गेलं, ते चपखल बसलं.

नुच्चो बेर्तोनेचा हेतू मात्र अगदी व्यापारी होता. लान्चाची बरीचशी खास कामं पिनिनफारीनाकडे जात. लान्चा अडचणीत आली होती आणि १९६९ साली फियाटने ती ताब्यात घेतली. हीच ती फियाट, जिच्या परवान्यावर आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनत आणि जिची पुढची पिढी पद्मिनी होऊन मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. तर, लान्चाला नवा मालक आला, नवी माणसं आली, जुनी नाती सैल झाली. बेर्तोनेला आत शिरायला फट दिसली. त्याने लान्चाला न विचारताच लान्चाच्या नावाची गाडी बनवली. ऑर्डर नाही, पैसे नाहीत, फक्त आपला खर्च.

प्रदर्शनात लोकांनी डोळे विस्फारून पाहिलं. मग लान्चाच्या वरिष्ठांकडून निरोप आला, की भेटायला या. पुढे जे झालं ते बेर्तोनेच्या गोटात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नुच्चोने ती गाडी ट्रकवर चढवली नाही. स्वतः झोपून, म्हणजे बसून, तुरिनच्या रहदारीतून चालवत तो लान्चाच्या फाटकाशी गेला. फाटकावर आडवा दांडा. रखवालदार दांडा वर करायला उठतो न उठतो तोच नुच्चो त्या दांड्याखालून गाडी काढून थेट आत गेला. अंगणात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात. यात तिखटमीठ किती लावलंय ते सोडा. ८४ सेंटिमीटरचं गणित इथे जुळतं एवढं खरं.

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. लान्चाचा शर्यतीचा विभाग चेझारे फिओरिओ सांभाळत होता. रॅली म्हणजे घाटातल्या, बर्फातल्या, कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यती. फुल्विया त्यात नाव कमावून होती, पण आता तिचं वय झालं होतं आणि फ्रेंच आल्पीन गाड्या पुढे निघाल्या होत्या. फिओरिओला नवी गाडी हवी होती. तोवर रॅलीच्या गाड्या म्हणजे रस्त्यावरच्याच गाड्या, थोड्या सुधारून घेतलेल्या. त्याला उलटं करायचं होतं: आधी रॅलीची गाडी आखायची आणि नियमापुरत्या तिच्या प्रती विकायच्या. झीरो बघून त्याला झीरो नको होती. पण इंजिन मधोमध, गाडी आखूड, माणसं पुढे, हा विचार त्याच्या कामाचा होता, आणि हा विचार करणारी माणसं समोर बसली होती.

त्या बैठकांमधून लान्चा स्त्रातोस एचएफ जन्मली. पहिला नमुना १९७१ च्या तुरिन प्रदर्शनात आला. इंजिन फेरारी डिनोचं, २.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं. गाडीची लांबी जेमतेम पावणेचार मीटर. झीरोतला एकही स्क्रू या गाडीत नाही. दारं पुन्हा दारांच्या जागी आली, आणि ती दारंही अशी, की त्यांच्या पोकळीत हेल्मेट बसावं. काच उभी झाली, बाहेरचं दिसू लागलं. गान्दिनीनेच झीरोचं सगळं नाटक बाजूला ठेवून तिच्यातला कामाचा गाभा उचलला. अशा साधारण ५०० गाड्या बनल्या, आणि त्या जोरावर लान्चाने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवलं. सान्द्रो मुनारीने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी तीनदा मॉन्टे कार्लो रॅली याच गाडीने जिंकली.

याच काळात त्याच हातांनी केलेल्या दुसऱ्या एका नमुन्याचं काय झालं, तेही ऐका. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात गान्दिनीने काढलेली पिवळी लाम्बोर्गिनी काउन्टाश आली. तीसुद्धा पाचरीच्या आकाराची, काराबोसारखीच कात्री दारांची. ती गाडी पुढे विक्रीला आली. पण तो पहिला पिवळा नमुना कुठे आहे? कुठेच नाही. १९७४ साली इंग्लंडमध्ये टकरीच्या चाचणीसाठी तो आपटवला गेला आणि मोडीत निघाला. विक्रीचा परवाना मिळवायचा तर एक गाडी आपटून दाखवावी लागते, ती हीच निवडली. तेव्हाच्या हिशेबाने ते बरोबर होतं. नमुन्याचं काम झालं होतं. पुढे २०२१ मध्ये लाम्बोर्गिनीच्याच माणसांनी जुने फोटो आणि कागद जमवून तशीच गाडी एका ग्राहकासाठी पुन्हा बनवली, तेव्हा त्यांना २५,००० तासांहून जास्त काम करावं लागलं.

झीरो वाचली, कारण ती बेर्तोनेच्या घरातच राहिली. १९८८ साली ती मायकल जॅक्सनच्या 'मूनवॉकर' चित्रपटात दिसली. तिथे तो स्वतःच या गाडीत बदलतो आणि उडून जातो. त्या चित्रपटात ती चंदेरी आहे. २००० च्या सुमारास तिची नीट दुरुस्ती करून तिला मूळचा तांबूस रंग परत दिला गेला. नुच्चो बेर्तोने १९९७ साली गेले. त्यानंतर कंपनीची घडी विसकटत गेली. मे २०११ मध्ये कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते इथे बेर्तोनेच्या संग्रहातल्या सहा गाड्या लिलावात निघाल्या. झीरो ७,६१,६०० युरोला विकली गेली. २०१४ साली बेर्तोने दिवाळखोरीत निघाली.

उरलेल्या संग्रहावर मात्र इटलीच्या सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षण घातलं होतं. त्यामुळे तो तुकड्यातुकड्यांत विकता येईना. २०१५ साली जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या 'एएसआय' या इटालियन संघटनेने सगळ्या, म्हणजे ७९ गाड्या, एकत्र विकत घेतल्या. मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाजवळच्या वोलांदिया संग्रहालयात आज त्या बघता येतात. आणि ज्या गाडीने कारखान्यासाठी फाटक उघडलं, ती मात्र त्यांच्यात नाही, कारण ती चार वर्षं आधीच घराबाहेर पडली होती. तिची हेळसांड झाली असं मी म्हणत नाही. आजही ती प्रदर्शनांत दिसते, चालते. पण तिच्या भावंडांशेजारी ती नाही.

अजून एक गोष्ट मला खटकते. नुच्चोचं नाव राहिलं, गान्दिनीचं राहिलं. १२ जानेवारी २०२४ रोजी तुरिनच्या तंत्रविद्यापीठाने गान्दिनीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची मानद पदवी दिली. जिची पदवी त्याने कधी घेतली नव्हती, तीच, वयाच्या ८५ व्या वर्षी. दोनच महिन्यांनी, १३ मार्चला, तो गेला. पण तो पत्रा कोणी ठोकला? ती काच तिरपी असूनही बिजागरीवर अचूक बसेल, अशी चौकट कोणी जोडली? चित्रातली रेघ एक मिलिमीटर जाडीची असते, ती पत्र्यात उतरवणारा हात वेगळा असतो. झीरोबद्दल जे जे छापून येतं, त्यात हे हात सहसा भेटत नाहीत. जे काम एकदाच होतं, त्याची माहिती करणाऱ्याच्या हातातच राहते, आणि तो निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर जाते.

आमच्या क्षेत्रात तर परिस्थिती याहून वाईट आहे. आमचे नमुने पुसले जातात. सहा महिने चार माणसं राबलेली असतात, मग 'हा फक्त डेमो होता' म्हणून एक बटण दाबून ते नाहीसं होतं. पत्रा निदान मोडीत गेला तरी किलोवर पैसे मिळतात. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांना मी एक शिस्त लावली आहे. नमुना टाकून द्यायचा तर खुशाल द्या, पण आधी एक पान लिहा. आपण काय विचारलं होतं, काय उत्तर मिळालं, आणि कोणी काय केलं. तीन ओळी झाल्या तरी चालतील, पण नावांसकट.

आता मी विषयावरून थोडी घसरते, पण संयोजक मला माफ करतील. आज दुपारच्या सभेत शाळेच्या टेक्निकलच्या शेडचा विषय आहे. तिथे नवी संगणक प्रयोगशाळा व्हावी असा प्रस्ताव आहे. माझा त्याला पाठिंबा आहे, आणि माझ्याकडून जमेल ती मदत मी करीन. पण त्या शेडमध्ये फळ्यांवर जे जुने जॉब ठेवले आहेत, लाकडाचे सांधे, फाइलने घासून चौरस केलेले लोखंडाचे तुकडे, पत्र्याची फनेलं, ती भंगारवाल्याला द्यायच्या आधी आपण एक रविवार काढू या. सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. तेवढी जागा कुठे आहे? प्रत्येकाचा फोटो काढू, बॅच आणि नाव आठवतंय त्याने ते सांगायचं, आणि दहा-बारा निवडक वस्तू नव्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटात ठेवू. नवी मुलं स्क्रीनवर काहीतरी बनवत असताना त्यांच्या मागे ते कपाट असेल. त्या शेडमध्ये सर कसे शिकवायचे, कानस कशी धरायची, अंगठा कुठे ठेवायचा, हे सांगू शकणारे आपले सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याकडून ते ऐकून, रेकॉर्ड करून ठेवायचं काम मी घ्यायला तयार आहे. माझ्याबरोबर आणखी दोघं-तिघं लागतील. हात वर करायची गरज नाही, चहाच्या वेळी येऊन सांगा.